शेवटचा बाक कसा पटकवावा

नम्रता अंगी बाणवायची असेल तर सर्वांत आधी जागा बघा. येशूने लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात सांगूनच ठेवलंय: मेजवानीला गेलात तर मानाच्या जागी बसू नका, शेवटी जाऊन बसा, म्हणजे यजमान येऊन तुम्हाला वर बोलावेल. भाबडे लोक यातला पहिला अर्धा भाग धरून बसतात आणि तिथेच फसतात. मेख दुसऱ्या अर्ध्यात आहे. शेवटी बसायचं, पण यजमानाला दिसेल असं. खांबाआड बसून नम्र झालेल्या माणसाला कुणी वर बोलावल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

तेव्हा मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी अर्धा तास पोचा. शेवटच्या बाकाचं मधल्या वाटेकडचं टोक धरा. फादर तिथूनच वेदीकडे जातात. नजरानजर झाली की मान खाली घाला, मात्र घातलेली दिसेल इतक्या सावकाश.

आम्ही मराठीत प्रार्थना करणारे गोव्यात मोजकेच, त्यामुळे आमची नम्रता चटकन उठून दिसते. कोंकणीवाल्यांना गर्दीत जास्त मेहनत पडते. येशूची कथा सांगणारं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली राशोलला छापलं गेलं ते मराठीत, हे मी फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या, जेवणात अगदी नम्रपणे सांगतो. दर वर्षी. त्याच माणसांना.

उपवासकाळाचं फार टेन्शन घेऊ नका. राखेच्या बुधवारी कपाळावरची राख ऑफिस सुटेपर्यंत टिकली म्हणजे झालं, घाम टिपताना रुमाल तेवढा जपून फिरवा. शुक्रवारी मांस वर्ज्य असतं. अशा वेळी इसवणाच्या (तुमच्या सुरमईच्या) तळलेल्या तुकडीवर भागवावं आणि त्यागाबद्दल बोलू नये, नुसता सुस्कारा सोडावा.

पवित्र गुरुवारची गोष्ट मात्र वेगळी. त्या संध्याकाळी फादर 12 जणांचे पाय धुतात, कारण येशूने शिष्यांचे धुतले होते. त्या बारांत नंबर लागणं म्हणजे नम्रतेची पदवीच. पूर्वी फक्त पुरुष असत. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी बायकांनाही परवानगी दिली आणि स्पर्धा एका रात्रीत दुप्पट झाली. तयारी जानेवारीपासूनच करावी. फुलं आणून द्या, खुर्च्या उचला, आणि विचारलंच तर म्हणा, ‘माझी कुठे पात्रता, फादर?’ हे तीनदा म्हणायचं असतं. चौथ्यांदा म्हणालात तर ते खरं मानतात. (अनुभवाचे बोल आहेत, जास्त विचारू नका.) निवड झाली की पाय घरून चांगले घासून, नखं कापून जा. फादरना खरोखरच मळके पाय धुवावे लागले तर सगळ्या विधीचा विचका.

उदाहरण म्हणून कुणी संत जुझे वाझ यांचं नाव काढेल. बाणावलीत 1651 साली जन्मलेला हा माणूस 1687 मध्ये श्रीलंकेत उतरला तो मजुराच्या वेषात. तिथे डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती, म्हणून कुणी ओळखू नये ही सगळी खटपट. पुढे कँडीच्या राजाने पोर्तुगिजांचा हेर समजून तुरुंगात टाकलं, तरी तक्रार नाही. 1711 मध्ये ते तिथेच वारले आणि संतपद मिळालं 14 जानेवारी 2015 ला, म्हणजे 304 वर्षांनी! आता तुम्हीच सांगा, एवढी वाट बघायला कुणाला परवडतं? आणि ओळख लपवून केलेल्या नम्रतेचा फोटो कोण काढणार?

सहनशीलतेचं म्हणाल तर तिला चर्च लागत नाही, पर्वरीची वाहतूक पुरते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आरशाला जपमाळ, ओठांवर ‘नमो मारिये’. पुढचा पर्यटक इंडिकेटर उजवीकडचा देऊन डावीकडे वळला तर काच वर करूनच बोला. जपमाळेला ऐकू जाईल तर जाऊ दे, त्याला जाता कामा नये. जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाची रांग आठवते? 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025. हा योग दहा वर्षांतून एकदा येतो, तेव्हा पुढच्या खेपेपर्यंत एखाद्या स्वयंसेवकाशी ओळख वाढवून ठेवा. त्याने मधून आत घेतलं तर उन्हात उभ्या असलेल्यांकडे बघून हात जोडा. बरं दिसतं.

आता फेस्ताचा दिवस, म्हणजे आपली वार्षिक परीक्षाच. यंदाचा प्रेझिदेंत, म्हणजे फेस्ताचा यजमान, तुम्हाला पुढे बोलावणार अशी पक्की खबर आहे. इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही शेवटच्या बाकाशी जाता, तर टोकाला कुणी तरी बसलेलं. मासळी विकणारी म्हातारी. गुडघे धरलेत, दारालगतचं टोक तिला बरं पडतं, शिवाय मिस्सा संपल्याबरोबर बाजार गाठायचा आहे. पायरीवर टोपली ठेवलेली.

इथे संयम सोडू नका. आवाज चढवायचा नाही, लोक बघत असतात. वाकून, हसून, हळूच सांगा, ‘मावशी, जरा सरकता का? इथे मी बसतो.’

सरकतात त्या. सवय आहे त्यांना. ‘बस बाबा,’ म्हणाल्या माझ्या वेळी, आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. प्रेझिदेंत आला, मला हाताला धरून थेट पहिल्या बाकावर घेऊन गेला. बाकाचं टोक पूर्ण मिस्साभर रिकामंच होतं. मी दोनदा वळून पाहिलं.