सहा पाकळ्या म्हणजे लिलीचं कूळ नव्हे

पावसाळ्यात रानफुलांच्या फोटोंसोबत एक तक्ता हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: समांतर शिरा म्हणजे एकदल वनस्पती, सहा पाकळ्या म्हणजे लिलीचं कूळ, हळदीसारखी पानं म्हणजे आल्याचं कूळ, तीनधारी खोड म्हणजे मोथा आणि पोकळ खोड म्हणजे गवत. पाठ करायला हे सोपं आहे, पण रानात गेल्यावर जवळजवळ प्रत्येक ओळ फसवते.

शिरांचं आधी बघू. अळू, करांदा आणि घोटवेल ही तिन्ही एकदल आहेत, तरी त्यांच्या पानांत शिरांचं जाळं असतं. उलट इसबगोलाच्या पानात शिरा लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी धावतात, आणि तो द्विदल आहे. शिरा अंदाज देतात, निकाल नाही.

सहा पाकळ्यांची ओळ सगळ्यात जास्त घोटाळा करते. ती कुठून आली हे कळतं. जुन्या पुस्तकांत कळलावी, शतावरी, सफेद मुसळी, कोरफड, कांदा हे सगळे लिलीच्याच कुळात होते. १९९८ पासून एपीजी या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाच्या वर्गीकरणाने डीएनएच्या आधारे हे गाठोडं सोडवत नेलं. आज कळलावी कोल्चिकेसीत आहे, कोरफड अ‍ॅस्फोडेलेसीत, शतावरी आणि सफेद मुसळी अ‍ॅस्पॅरागेसीत, तर कांदा अ‍ॅमॅरिलिडेसीत. हा फक्त नावांचा खेळ नाही. कळलावीतलं कोल्चिसिन हे विष कोल्चिकम या तिच्याच कुळातल्या वनस्पतीच्या नावाने ओळखलं जातं. खाण्याचा कंद समजून कळलावीचा कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. तिला ‘लिली’ म्हणून सोडून दिलं की धोक्याची ही खूणच पुसली जाते.

मग बघायचं काय? फूल उभं चिरायचं आणि अंडाशय कुठे आहे ते पाहायचं. कळलावीत तो पाकळ्यांच्या वर, उघड्यावर असतो. बागेतल्या स्पायडर लिलीत तो पाकळ्यांच्या खाली असतो. काळ्या मुसळीतही खालीच, पण इतका खाली की मातीत दडलेला. वरून दिसतं फक्त पिवळं चांदणीसारखं फूल. तिचं कूळ हायपॉक्सिडेसी. त्यानंतर पुंकेसर मोजायचे. या सगळ्यांत ते सहा असतात. ग्लॅडिओलसमध्ये तीनच, कारण तो आयरिसच्या कुळातला. अंडाशयाची खूणही एकटी पुरत नाही. कांद्यात अंडाशय वर आणि स्पायडर लिलीत खाली, तरी दोघांचं कूळ एकच. त्यांना जोडणारी खूण म्हणजे बिनपानांचा दांडा आणि त्याच्या टोकाशी पातळ आवरणातून एकत्र निघालेली फुलं.

नुसत्या नावावर विसंबणं तर त्याहून वाईट. पीस लिली अळूच्या कुळातली आहे, आणि वॉटर लिली एकदलही नाही.

आल्याच्या ओळीला कोकणातला पेव पुरेसं उत्तर देतो. त्याचं पान आल्यासारखंच वाटतं, पण पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात आणि चुरडली तर आल्या-हळदीचा वास येत नाही. त्याचं कूळ कॉस्टेसी. हळद, आलं, सोनटक्का यांत पानं दोन रांगांत असतात आणि कामाचा पुंकेसर एकच. कर्दळीत तर पुंकेसराचा अर्धाच भाग पराग देतो. आपण जिला पाकळी म्हणून कौतुकाने बघतो ते बहुतेक रंगीत झालेले वांझ पुंकेसरच असतात.

गवताचं खोड पोकळच असतं म्हणावं, तर ऊस, मका आणि ज्वारी भरीव खोडाची आहेत. मोथ्याच्या कुळातही गोल खोडाच्या जाती आहेत. तिथे पानांच्या रांगा मोजाव्यात: गवतात दोन, मोथ्यात तीन. पानाचं आवरण खोडाभोवती उघडं आहे की नळीसारखं बंद, हेही पाहावं; मोथ्यात ते बंद असतं, गवतात बहुधा उघडं.

ओळख विचारताना समोरून काढलेला एकच फोटो टाकू नका. फुलाची मागची बाजू, उभा छेद, पुंकेसर, पानाचा तळ आणि दांडा, एवढं दिसलं तर कूळ सांगणाऱ्याला काही ठोस हाती लागतं. छेदासाठी गळून पडलेलं फूलही चालतं.