हिंगणघाटचं सूत कॅनडाला काऊन चालत नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरची ११ टक्के इम्पोर्ट ड्युटी काही महिन्यांसाठी काढली तेव्हापासून आमच्या नागपूरच्या ग्रुपवर भांडण सुरू आहे ते काही थांबत नाही, अर्धे म्हणतात शेतकऱ्याला मारलं, अर्धे म्हणतात मिल वाचल्या, आणि फिरून फिरून गाडी आरसेपवर, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या मोठ्या व्यापार करारावर येते. भारत २०१९ मध्ये त्यातून बाहेर पडला ते बरं झालं की व्हिएतनाम पुढे निघून गेला? मी इथे हो ची मिन्ह सिटीत कपड्यांच्या ऑर्डर सांभाळतो, आणि मला दोन्ही बाजूंचं एक खटकतं. सगळे ड्युटीच्या टक्क्यावरच भांडतात बाप्पा, माल कुठला धरायचा याचे नियम कोणी बघतच नाही.

उदाहरण देतो. सूत आपल्या हिंगणघाटचं आणलं, कापड इथे विणलं, शर्ट इथेच शिवला. युरोपला पाठवला तर तो व्हिएतनामचा माल धरतात आणि ड्युटीत सवलत मिळते, कारण युरोपियन युनियन-व्हिएतनामच्या २०२० पासून लागू करारात कापड आणि शिलाई इथली पाहिजे, सूत कुठलंही चालतं. कापड कोरियाचं असलं तरी चालवून घेतात, तशी सूट करारातच आहे. भारताचं कापड मात्र चालत नाही. आता तोच शर्ट कॅनडाला पाठवायचा, तिथे सीपीटीपीपी (कॅनडा, जपान, व्हिएतनाम वगैरे देशांचा व्यापार करार) लागतो, त्यात सुतापासून सगळं मेंबर देशांतलं लागतं (थोडे अपवाद आहेत), म्हणून आपलं सूत आलं की सवलत गेली आणि १८ टक्क्यांच्या आसपास ड्युटी बसली. मग बायर काय करणार, सूतच बदलायला सांगतो. आपल्या मिलचा रेट चांगला, क्वालिटी चांगली, तरी नाव कटतं.

आरसेपमध्ये १५ देश आहेत आणि एकमेकांचा कच्चा माल आपलाच म्हणून मोजता येतो. खरी ताकद ती आहे, ड्युटी कमी होणं त्याच्या नंतर. चीनचा स्वस्त माल आणि न्यूझीलंडचं दूध याची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही, दुधाच्या बाबतीत तर मी ग्रुपमधल्या विरोधकांच्याच बाजूने आहे. पण बाहेर राहायचं तर पुढच्या प्रत्येक करारात आपलं सूत-कापड मोजलं जाईल असं कलम तरी मागा की भाऊ!

आणि नुसत्या सहीनेही काही होत नाही. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार, २००६ पासून लागू आहे, भारत-बांगलादेश दोघंही त्यात, तरी बांगलादेशने संत्र्यावरची ड्युटी २०१९ च्या किलोमागे २० रुपयांवरून २०२३ पर्यंत ८८ वर नेली आणि वरुड-काटोलची संत्री मार्केटात पडून राहिली. नागपुरी संत्र्याला जीआय टॅग (मूळ ठिकाणाची सरकारी नोंद) होता ना? होता, २०१४ पासून.

कागदाचं तर बोलूच नका. भारत-आसियान (आग्नेय आशियातले देश) करारात ३५ टक्के व्हॅल्यू आपल्या बाजूची दाखवावी लागते, शिवाय कच्च्या मालाचा आणि तयार मालाचा टॅरिफ कोड (कस्टम्सचा नंबर) बदलला पाहिजे, आणि हे सगळं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर, म्हणजे माल कुठला याच्या दाखल्यावर आलं पाहिजे. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी माणसं असतात. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतला छोटा कारखानदार एवढा हिशोब करत बसण्यापेक्षा पूर्ण ड्युटी भरून मोकळा होतो, म्हणजे करार झाला तरी त्याच्यासाठी झालाच नाही. नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात जमिनी देण्याच्या घोषणा दरवर्षी होतात, त्यातल्या एका खोलीत हा हिशोब करून देणारा माणूस बसवायला किती खर्च येईल?