पाच लाख अंड्यांचा हिशोब

पावसाळी मासेमारी बंदी जवळ आली की शेवंडीबद्दलचा, म्हणजे लॉब्स्टरबद्दलचा, एक मजकूर दर वर्षी मोबाइलवर फिरायला लागतो. यंदा तो मला चार ग्रुपांवरून आला, त्यातला एक आमच्या वाडीचाच. मजकूर थोडक्यात असा: ‘एका शेवंडीच्या पोटाखाली पाच लाख अंडी असतात. अंडी फुटली की पिल्लं तिथंच खडकात वाढतात. एका बेटाजवळचं संपलं तरी प्रवाहाबरोबर दुसरीकडून येतच राहतं, समुद्र कधी रिकामा होत नाही. शास्त्रज्ञांना हे सगळं शंभर वर्षांपूर्वीच कळलंय. हवाईसारख्या बेटांवर लोक मजेत शेवंडी खातात, तिथं कोण अंड्यांची मादी परत सोडतो? हे शहाणपण फक्त आपल्याच माथी.’

मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं होडीवाल्यांच्या घरची आहेत. हा मजकूर पुढे पाठवणारेही आपलेच काका-मामा आहेत, आणि तो खरा मानला तर नुकसान त्यांचंच आहे. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो. हवाईचं नाव त्यांनीच काढलंय, तर बोलणं हवाईपासूनच करू.

आधी पाच लाखांचं. आकडा फारसा चुकीचा नाही. हवाईच्या शेवंडीची, जिला तिथले लोक उला म्हणतात, मोठी मादी एका वेळी काही लाख अंडी पोटाखाली वागवते. लहान मादीच्या मानाने मोठीची अंडी कितीतरी पट जास्त असतात. घोळ आहे तो पुढच्या अनुमानात. समजा एखाद्या बेटाजवळ शेवंडी वर्षानुवर्षं तेवढ्याच राहिल्यात, ना वाढल्या ना घटल्या. याचा अर्थ एका मादीने जन्मभरात घातलेल्या सगळ्या अंड्यांमधून सरासरी दोनच जीव मोठे होऊन पुन्हा पिल्लं देण्यापर्यंत पोचतात, एक तिच्या जागी आणि एक नराच्या जागी. बाकी लाखो जीव वाटेत संपतात. अंडी लाखोंनी घालावी लागतात ती मरण लाखोंनी येतं म्हणून. हा आकडा श्रीमंतीचा नाही, वाटेवरच्या धोक्याचा आहे.

‘पिल्लं तिथंच खडकात वाढतात.’ सगळ्यात मोठी चूक इथं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

शेवंडीच्या अंड्यातून छोटी शेवंड बाहेर येत नाही. बाहेर येतं ते दीड मिलिमीटरचं, काचेसारखं आरपार, कागदासारखं चपटं काहीतरी. त्याला फायलोसोमा म्हणतात, म्हणजे पानासारख्या अंगाचं. मधे पातळ चकती, तिला लांबलांब केसाळ पाय, पुढे दांड्यांवर दोन डोळे. बशीतल्या पाण्यात ते असलं तर आधी दोन काळे ठिपके हलताना दिसतात. बशीखाली काळा कागद धरला की मग पाय दिसतात. ते शेवंडीचं पिल्लू आहे हे सांगूनही पटत नाही. जुन्या निसर्ग-अभ्यासकांनाही पटलं नव्हतं. त्यांनी फायलोसोमा हा वेगळाच प्राणी समजून त्याला स्वतंत्र नाव देऊन टाकलं होतं. खेकड्याच्या पिल्लाचंही तेच झालं. पाठीवर काटा आणि मोठाले डोळे असलेलं ते झोइया नावाचं पिल्लू निराळा प्राणी म्हणून नोंदलं गेलं. १८२०च्या दशकात आयर्लंडच्या कॉर्क बंदरात जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरने हा गैरसमज मोडला. त्याने खेकड्याची अंडी भांड्यात फुटू दिली आणि त्यातून झोइया निघताना पाहिले.

झोइया मला फार आवडतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की शेपूट पोटाशी दुमडून झटके देत फिरतो, आणि अंग काचेसारखं इतकं आरपार की आतलं हृदय धडधडताना मोजता येतं. दर वर्षी पहिल्या वर्षाची मुलं विचारतात, “सर, ही चिंबोरी?” हो, हीच. कात टाकत टाकत ती मेगालोपा होते, म्हणजे पुढून खेकडा आणि मागून कोळंबी. तेव्हा कुठे ती किनाऱ्याकडे वळते.

खेकड्यांचा हा प्रवास काही आठवड्यांत उरकतो. शेवंडीचा मात्र फार लांबतो. हवाईच्या शेवंडीचं पिल्लू सुमारे वर्षभर उघड्या समुद्रात असतं. जपानमध्ये तिथल्या शेवंडीची अंडी टाकीत वाढवून पाहिली, तेव्हा शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचायला दहा महिन्यांच्या आसपास लागले. तेवढ्या काळात पिल्लू वीस-पंचवीस वेळा कात टाकतं आणि दीड मिलिमीटरचं तीन सेंटिमीटरचं होतं. मग एकाच कातीत पान गळून पडतं आणि शेवंडीच्या आकाराचं, पण अजूनही काचेसारखं पारदर्शक पिल्लू बाहेर येतं. याला प्युरुलस म्हणतात. प्युरुलस काहीही खात नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर, रात्रीच्या अंधारात, तो खडकाकडे पोहत येतो. चरबी संपायच्या आत खडक सापडला तर ठीक. म्हणजे आपण ज्याला ‘तिथंच वाढतात’ म्हणतो, ते पिल्लू वर्षभर घराबाहेर असतं आणि परत येतं ते उपाशी.

तिसरं, ‘दुसरीकडून वाहत येतच राहतं’. हे वाक्य ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पिल्लू वर्षभर तरंगतं म्हटल्यावर ते कुठूनही कुठेही जाईल, असं वाटणं साहजिक आहे. पण ‘दुसरीकडून’ म्हणजे कुठून? उला जगात फक्त हवाईच्या बेटमाळेत आणि जवळच्या जॉन्स्टन प्रवाळबेटाजवळ सापडते. तिथलं संपलं तर पाठवायला कुणी नाही.

या बेटमाळेचा वायव्येकडचा भाग, सुमारे दोन हजार किलोमीटर पसरलेली निर्मनुष्य बेटं आणि खडक, इथं १९७०च्या दशकाच्या अखेरीस सापळे लावून शेवंडी धरायला सुरुवात झाली. ऐंशीच्या दशकात जोर आला. १९९०च्या सुमारास मारो रीफ या भागातली शेवंड अचानक घसरली. दक्षिणेकडच्या नेकर बेटाजवळ मात्र त्या वेळी तशी घसरण नव्हती. पोलोविना आणि मिचम या संशोधकांनी याचा माग काढला आणि धागा सापडला तो समुद्राच्या पातळीत. फ्रेंच फ्रिगेट शोल्स आणि मिडवे या दोन ठिकाणच्या पाण्याच्या पातळीतल्या फरकावरून तिथला प्रवाह किती जोरात आहे ते कळतं. प्रवाह मंदावला की मारोला पोचणारी पिल्लं कमी होत होती आणि तो फटका साधारण चार वर्षांनी सापळ्यात दिसत होता. प्रवाह हा रोजची एसटी नाही. एखाद्या वर्षी तो पिल्लं आणतो, एखाद्या वर्षी आणत नाही, आणि आणली नाहीत हे होडीवाल्याला कळेपर्यंत चार हंगाम उलटलेले असतात.

पिल्लं नुसती वाहतात हेही अर्धंच खरं. ती दिवसा खोल जातात, रात्री वर येतात. वरचं पाणी एका दिशेला आणि खालचं दुसऱ्या दिशेला जात असेल, तर हा रोजचा जिना चढणं-उतरणं म्हणजेच त्यांचं सुकाणू. बेटाच्या आडोशाला पाण्याचे मोठे भोवरे तयार होतात. कॅनरी बेटांजवळ अशा आडोशाच्या पाण्यात खेकडे-कोळंब्यांची पिल्लं अडकून राहताना आढळली आहेत. चपट्या शेवंडीची पिल्लं तर जेलीफिशला चिकटून प्रवास करतात, तिच्यावर बसतात आणि तिलाच खातात. हवाईच्या बेटाबेटांवरच्या शेवंडींची जनुकं तपासली तेव्हा त्यांच्यात फरक निघाला. वर्षभर तरंगूनही सगळी सरमिसळ झालेली नव्हती. पिल्लं कुठूनही कुठेही हवी तशी पोचत नाहीत, याची ही खूण.

मग ‘शास्त्रज्ञांना सगळं कळलंय’. नाही कळलेलं, आणि मला यातच सगळ्यात जास्त आनंद आहे. १८२८ साली डोराडो माशाच्या पोटात काटेरी चिलखत घातलेलं एक विचित्र पिल्लू सापडलं, त्याचं नाव सेराटॅस्पिस मॉन्स्ट्रोसा पडलं, म्हणजे शिंगांच्या ढालीचं राक्षसी असं काहीतरी, आणि त्याचं रूपही तसंच. ते कुणाचं पिल्लू, हे २०१२ साली डीएनए जुळवल्यावर समजलं. ती खोल समुद्रातल्या एका लाल कोळंबीची बाल्यावस्था निघाली. मधे १८४ वर्षं गेली. अँफिओनायडिस नावाच्या जिवासाठी तर वर्गीकरणात स्वतंत्र गण मांडून ठेवला होता. २०१५ साली कळलं की तेही एका कोळंबीचंच पिल्लू आहे.

आणि एक कोडं अजून सुटायचंय. जपानच्या दक्षिणेला, ओकिनावाला लागून सेसोको नावाचं छोटं बेट आहे. तिथं र्‍युक्यू विद्यापीठाचं सागरी केंद्र आहे. तिथल्या धक्क्यावरून बारीक जाळी ओढली की वाय-डिंभक नावाची पिल्लं सापडतात (डिंभक म्हणजे अंड्यातून निघालेली बाल्यावस्था). अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचे हे जीव १९व्या शतकाच्या अखेरीपासून माहीत आहेत आणि एकट्या त्या किनाऱ्यावर त्यांचे चाळीसहून जास्त प्रकार मिळाले आहेत. पण मोठे झाल्यावर ते काय होतात, कुठे राहतात, हे कुणीही पाहिलेलं नाही. २००८ साली ग्लेनर, होएग, ग्रायगर आणि फुजिता यांनी त्यांना कात टाकायला लावणारं संप्रेरक दिलं. तेव्हा कवचातून पाय नसलेला, डोळे नसलेला, गोगलगायीसारखा मऊ जीव सरपटत बाहेर आला. याचा अर्थ ते बहुधा दुसऱ्या कुणाच्या अंगात परोपजीवी म्हणून राहत असावेत. कुणाच्या, ते अजून कळायचं आहे. एका धक्क्याच्या पाण्यात चाळीस प्रकार आणि एकाचेही आईबाप माहीत नाहीत! ‘समुद्राचं सगळं कळलंय, आता बिनधास्त उपसा’ असं म्हणणाऱ्याने त्या धक्क्यावर एकदा उभं राहावं.

आता हवाईत लोक मजेत खातात, याबद्दल. हवाई राज्यात मे ते ऑगस्ट शेवंड धरायला बंदी आहे आणि अंड्यांची मादी तर वर्षभर धरता येत नाही. मधे काही वर्षं तर कुठलीच मादी, अंडी असोत वा नसोत, धरायला मनाई होती. बर्म्युडातही एप्रिल ते ऑगस्ट हंगाम बंद असतो आणि अंड्यांची मादी परत पाण्यात सोडावी लागते. म्हणजे मजकुराचं म्हणणं बरोबर उलट आहे.

इथं मला विरोधी बाजूचा एक खरा मुद्दाही मांडायला हवा. वायव्येकडच्या त्या बेटांवर १९९६ साली नियम बदलला आणि सापळ्यात आलेली प्रत्येक शेवंड, लहान असो की अंड्यांची, ठेवायची मुभा मिळाली. कारण असं की होडीवरून परत टाकलेल्या शेवंडी तळाला पोचायच्या आत मोठे मासे त्यांना गिळत होते. नुसतं सोडणं पुरेसं नाही, सोडायची रीतही नीट हवी. पण पुढचं ऐका. २००० साली ती मासेमारी बंदच करावी लागली. २००६ साली तो सगळा भाग संरक्षित झाला, पुढच्या वर्षी त्याला पापाहानाउमोकुआकेआ हे नाव मिळालं. आणि सापळे थांबून दहा वर्षं होत आली तरी सर्वेक्षणांत शेवंड पूर्वीइतकी परतलेली दिसली नाही. ‘चार वर्षं थांबलं की भरतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण आहे.

आपल्याला तर हवाईपर्यंत जायचीही गरज नाही. मुंबईच्या समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात चपट्या अंगाची शेवंड यायची. १९८०च्या दशकात तिला निर्यातीचा भाव मिळाला आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती मासेमारी कोसळली. तिचं पिल्लू महिना-दीड महिनाच तरंगतं, उलासारखं वर्षभर नाही. तरीही ‘दुसरीकडून’ काही वाहत आलं नाही. ज्यांनी त्या काळी मुंबईच्या धक्क्यांवर ती टोपल्यांनी पाहिली असेल, त्यांनी घरातल्या पोरांना सांगावं.

राहिला मजकुरातला राग. तो मला खोटा वाटत नाही. छोट्या होडीवाल्याने अंड्यांची मादी सोडायची आणि मागून येणाऱ्या मोठ्या जाळ्याने तीच उचलायची, हे अन्यायाचंच आहे. आपल्याकडे निर्यातीच्या शेवंडीला जातीनुसार किमान वजन ठरलेलं आहे. ते धक्क्यावर तपासलं जावं, मोठ्या बोटींचंही तपासलं जावं, यासाठी भांडायला मी तुमच्याबरोबर येईन. पण त्या भांडणासाठी अंड्यांबद्दल खोटं बोलायची गरज नाही.

आणि ज्यांना सोडायची इच्छा आहे त्यांच्यासाठी एवढंच: शेवंड उलटी करून शेपटीखाली बघा. अंडी केशरी असतील तर नुकतीच घातलेली आहेत. तपकिरी झाली असतील तर एकेका अंड्यात दोन काळे ठिपके दिसतील, ते डोळे आहेत, फुटायला थोडेच दिवस राहिलेत. तिला उन्हात ठेवू नका, शेपटीला धरून आपटू नका, आणि जिथं धरली तिथंच, खडकाजवळ, हात पाण्यात घालून सोडा. वरून फेकू नका.