१४ व्या दिवशी रक्तपेशींचे काउंट वाढले नाहीत म्हणजे ट्रान्सप्लांट फसलं? नाही!

परळ भागात उपचार घेणाऱ्यांच्या नातेवाइकांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर १४ दिवसांत काउंट वाढले नाहीत तर ते फेल. पपईच्या पानांचा रस पाजा.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि आधीच धास्तावलेल्या घराचा त्याने जीव टांगणीला लागतो.

मूळपेशी, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी, कुठून घेतल्या, यावर बरंच अवलंबून असतं. रुग्णाच्याच रक्तातून घेतलेल्या असतील तर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण १० ते १४ दिवसांत वर येतात. दात्याच्या अस्थिमज्जेतून (बोन मॅरोतून) घेतलेल्यांना तीन आठवडेही लागतात, नाळेच्या रक्तातल्यांना त्याहून जास्त. दात्याच्या पेशींनी शरीरावर हल्ला करू नये म्हणून मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं असेल तरी वेळ लांबतो. सलग तीन दिवस न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटर रक्तात ५०० किंवा त्याहून वर राहिले की पेशी रुजल्या असं डॉक्टर मानतात. एका दिवसाचा आकडा पुरेसा नाही. पेशी रुजल्याच नाहीत, हा निष्कर्षही सहसा २८ व्या दिवसाआधी काढत नाहीत.

अंदाज मात्र बांधता येतो. वजनाच्या दर किलोमागे सीडी३४ पेशी (सीडी३४ ही खूण असलेल्या मूळपेशी) किती दिल्या, हा त्यातला मोठा धागा. रक्तात अपरिपक्व रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी) दिसू लागले, तर मज्जा कामाला लागल्याची चाहूल कधीकधी न्यूट्रोफिल वाढण्याआधीच मिळते. प्लेटलेट बहुधा मागून येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

राहिला पपईचा रस. न्यूट्रोफिल जवळपास शून्य असताना घरी काढलेला कच्चा रस म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. तो अजिबात देऊ नका.