एपॉक्सीला मानवणारा ऋतू

लाकूड तरंगतं, एवढं शाळेत शिकवतात. ते पाणी पितं, फुगतं आणि सांधे सोडतं, हे छंद म्हणून रिमोटवर चालणारी छोटी बोट करायला घेतली की कळतं. म्हणून सांगाड्याला आतून-बाहेरून एपॉक्सी लावायचं, म्हणजे रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर मिसळून केलेला लेप. आतूनही, कारण प्रोपेलरच्या शाफ्टमधून थेंब थेंब पाणी शिरतंच. इथवर सोपं. अडचण अशी की एपॉक्सी २५ अंशांच्या हवेत वाढलेलं आणि आम्ही राहतो बडोद्यात.

मिसळल्यापासून घट्ट होईपर्यंत अर्ध्या तासाचा अवधी डब्यावर छापलेला असतो, तो त्या २५ अंशांचा. दर १० अंशांमागे क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे मे महिन्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या माडीवर, पारा चाळिशीला टेकलेला असताना हातात उरतात दहा-बारा मिनिटं. त्यातून कपात साठवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापतं. कप हाताला गरम लागू लागला की संपलं. आधी घट्ट, मग वाफा, मग ब्रश कपात ताठ उभा. कायमचा. उपाय एकच, मिसळल्या मिसळल्या पसरट भांड्यात ओतायचं. घरात पसरट भांडं म्हणजे ताट नाहीतर तबक, आणि तबक म्हटलं की बायको.

"अहो, ते हळदीकुंकवाचं आहे."

"अगं, वाळलं की निघतं."

"कशानं?"

"छिन्नीनं."

तोडगा शेवटी तिनेच काढला, श्रीखंडाच्या डब्याचं झाकण. एपॉक्सीला जगात कशालाही चिकटायची हौस, फक्त या प्लास्टिकशी त्याचं जमत नाही. दुसऱ्या दिवशी झाकण वाकवलं की अख्खी चकती टणकन उडते. तेव्हापासून घरात श्रीखंडाचा खप वाढलाय. बोटीसाठी, असं मी डॉक्टरांना सांगितलंय.

रेझिन आणि हार्डनर मात्र काट्यावर ग्रॅममध्ये मोजूनच घ्यायचे. "थोडुं वधारे नाखो साहेब, जल्दी सुकाई जशे," हा हार्डवेअरच्या दुकानातला लाडका सल्ला. सुकत नाही. जास्तीचा हार्डनर काहीही न करता तिथंच बसून राहतो आणि बोट हाताला चिकटत राहते.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट साय धरते. ती साध्या पाण्याने, घासणीने धुवायची. न धुता पॉलिश पेपर मारला तर ती आत दाबली जाते आणि पुढचा थर सुटून येतो. अंगणातल्या नळावर घासणी घेऊन बसलेला पुरुष म्हणून आळीत माझी पत वाढली, सुनांमध्ये. शिवाय विश्वामित्री नदीला पूर आला की मगरी थेट सोसायट्यांत येतात, तेव्हा घराजवळ बोट सोडण्याइतकं पाणी असलं तरी उत्साह राहत नाही.

उरला हिवाळा. हवा कोरडी, पारा डब्यावर छापल्याइतका. लेप संध्याकाळी, पारा उतरताना द्यावा. लाकडातली हवा आकसते, बुडबुडे न येता रेझिन आत ओढलं जातं. वास घरात नको, म्हणून गच्ची. आणि सवड मिळाली ती सुट्टीच्या दिवशी, म्हणजे १४ जानेवारीला. बडोदेकरांना पुढचं सांगायला नको.

चारही बाजूंनी 'काप्यो छे'चा गजर, त्यात एक गुलाबी पतंग गिरक्या घेत आला आणि नेमका बोटीच्या टोकावर बसला. पातळ कागद, त्याने रेझिन प्यायलं आणि बघता बघता पारदर्शक झाला. खालच्या लाकडाच्या रेषा गुलाबीतून स्पष्ट दिसू लागल्या. कामट्या मी सोडवल्या. कागद सोडवायचं काही कारण नव्हतं, हौशी लोक मुद्दाम टिश्यू कागद असाच रेझिनने बसवतात. फक्त ते रंग स्वतः निवडतात.

तेवढ्यात शेजारचा दहा वर्षांचा मुलगा जिना चढून आला.

"काका, माझा पतंग?"

मी टोकाकडे मान केली. "अरे, हात नको..." म्हणेपर्यंत त्याचा अंगठा तिथं उमटला होता. अंगठा निरखत, खालच्या ठशाकडे बघत तो म्हणाला, "आता तर सहीसुद्धा झाली. सूरसागर तलावावर गेलो की रिमोट माझ्याकडे."