फौज त्यांची, हुकूम त्यांचा, खर्च मात्र आपला

दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला, हे आपण शाळेतच शिकतो. परक्या मुलखात ठेवलेल्या फौजेचा खर्च कोणी सोसायचा, याच प्रश्नावर पुढे साठ वर्षांनी खुद्द लंडनच्या पार्लमेंटमध्ये मोठा खल झाला. त्याची गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

त्या काळी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या वसाहतींतील गोऱ्या वसाहतवाल्यांना स्वतःची विधिमंडळे मिळाली होती. कर त्यांनी ठरवावेत, जमिनी त्यांनी वाटाव्यात आणि तिथल्या शिबंदीचा बहुतेक खर्च मात्र इंग्लंडमधील करदात्याने भरावा, असा प्रकार होता. कॅनडाने तर १८५९ मध्ये ब्रिटिश मालावरचीही जकात वाढवली. १८६१ मध्ये आर्थर मिल्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या खर्चाची चौकशी केली आणि मार्च १८६२ मध्ये कॉमन्स सभेने ठराव केला की, स्वराज्य उपभोगणाऱ्या वसाहतींनी आपल्या अंतर्गत सुरक्षेची मुख्य जबाबदारी स्वतःच उचलावी. १८६८ च्या अखेरीस ग्लॅडस्टन सत्तेवर आले आणि त्यांचे युद्धमंत्री कार्डवेल यांनी पलटणी परत बोलावण्याचा सपाटा लावला.

हे तत्त्व कसाला लागले ते न्यूझीलंडमध्ये. १८६३ मध्ये वायकाटो खोऱ्यात तिथल्या मूळ रहिवासी माओरींविरुद्ध मोठे युद्ध पेटले आणि पुढच्या वर्षापर्यंत तिथे सुमारे दहा हजार शाही सैनिक जमा झाले. त्याच १८६३ साली वसाहतीच्या विधिमंडळाने ‘बंडखोर’ माओरींच्या जमिनी जप्त करण्याचा कायदा केला. म्हणजे लढायचे लंडनच्या पैशाने आणि जमीन मात्र वसाहतवाल्यांच्या पदरात. सेनापती जनरल कॅमेरून यांनाही हे युद्ध वसाहतवाल्यांच्या जमिनीच्या हावेसाठी चालले आहे असे वाटू लागले होते आणि त्यावरून गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांच्याशी त्यांचे बिनसले. लंडनने दर सैनिकामागे वर्षाला ४० पौंड मागितले, तेव्हा वसाहतीचे पंतप्रधान वेल्ड यांच्या मंत्रिमंडळाने पलटणी परत न्या, आमचे आम्ही पाहून घेऊ, अशी भूमिका घेतली. १८६८ मध्ये टिटोकोवारू आणि ‘ते कूटी’ या माओरी पुढाऱ्यांनी वसाहतीच्या दलांना जेरीस आणल्यावर हा आवेश ओसरला आणि उरलेली एकुलती पलटण, अठरावी रॉयल आयरिश, राहू द्या अशा विनवण्या सुरू झाल्या. वसाहतमंत्री लॉर्ड ग्रॅनव्हिल बधले नाहीत. १८७० च्या आरंभी ती पलटण निघाली. वसाहतीच्या पदरी पडली ती दहा लाख पौंडांच्या कर्जाला लंडनची हमी.

ग्रॅनव्हिल यांचा निर्णय त्या वेळी निष्ठुर ठरवला गेला. मला तो योग्य वाटतो. ज्यांना युद्धाचा खर्च स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो, ते युद्ध लवकर आवरते घेतात; १८७२ पर्यंत तिथली लढाई थांबलीही. अर्थात जप्त जमिनी माओरींना त्यामुळे परत मिळाल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

मात्र हे तत्त्व कातडीचा रंग पाहून लावले गेले. सिंगापूर ज्यात मोडत होते त्या स्ट्रेट्स सेटलमेंट्स या ब्रिटिश वसाहतीकडून घेतली जाणारी लष्करी वर्गणी १८९० मध्ये ५० हजार पौंडांवरून एक लाखावर नेली गेली. तिथले विधिमंडळ नेमलेले होते, निवडलेले नव्हते; १८९५ मध्ये बिनसरकारी सभासदांनी राजीनामे दिले, तेव्हा कुठे वर्गणी महसुलाच्या साडेसतरा टक्क्यांवर ठरली.

आणि हिंदुस्थान? १८५७ नंतर इथली गोरी फौज कमी होण्याऐवजी वाढली. बंगालमध्ये दोन देशी शिपायांमागे एक गोरा आणि मुंबई-मद्रासमध्ये तिघांमागे एक, असे प्रमाण ठरले. त्या सगळ्यांचा पगार हिंदी तिजोरीतून जाई, शिवाय इंग्लंडमध्ये रंगरूट तयार करण्याचा आकार म्हणून १८६१ पासून माणशी १० पौंड वेगळे. रशियाची भीती होती, म्हणून मोठी फौज हवीच होती, असे समर्थन आजही ऐकू येते. मग १८६७ मध्ये ॲबिसीनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) स्वारीसाठी मुंबईहून सेनापती नेपियर यांच्या हाताखाली फौज निघाली, ती कोणत्या रशियनाशी लढायला? हिंदी महसूल सरहद्दीबाहेरच्या लढायांवर पार्लमेंटच्या संमतीवाचून खर्च करू नये, असे कलम १८५८ च्या कायद्यातच होते. पार्लमेंटने संमती दिली आणि त्या सैनिकांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या माथी राहिला. आपल्याला संमती विचारायची सोयच कायद्यात नव्हती.

या खर्चाच्या चौकशीसाठी १८९५ मध्ये वेल्बी कमिशन नेमले गेले. दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते आणि १८९७ मध्ये पुण्याहून गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यापुढे साक्ष दिली. १९०० च्या अहवालातून पदरात पडले ते किरकोळच. खरी म्हणावी अशी रक्कम, वर्षाला १५ लाख पौंड, ब्रिटनने द्यायची ठरली ती १९३३ मध्ये, आणि तीही ज्या लवादाच्या शिफारशीवरून, त्याचे अध्यक्ष सर रॉबर्ट गॅरन होते ऑस्ट्रेलियाचे, जिथून ब्रिटिश पलटणी १८७० मध्येच परत गेल्या होत्या.