घोकंपट्टीचा दोष एकट्या विद्यार्थ्याचा कसा?

परीक्षा जवळ आल्या की मुंबईतील अनेक महाविद्यालयांत ताणमुक्तीच्या कार्यशाळा भरतात आणि तिथून बाहेर पडलेला विद्यार्थी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून ‘आयएमपी’ प्रश्नांचा गठ्ठा घेऊन घरची लोकल पकडतो. कार्यशाळांना माझा विरोध नाही. मात्र ताणाचा विचार अभ्यासाच्या पद्धतीपासून तोडून करणे मला पटत नाही.

स्वीडनमधील फेरेन्स मार्टन आणि रॉजर सॅलिओ यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विद्यार्थ्यांना एक मजकूर वाचायला देऊन त्यांनी तो कसा वाचला, हे जाणून घेतले होते. काही जण लेखकाला काय म्हणायचे आहे याचा शोध घेत होते, तर काही जण पुढे काय विचारतील या धास्तीने मजकूर नुसता लक्षात ठेवू पाहत होते. सखोल आणि वरवरचे अध्ययन हा भेद तेव्हापासून रूढ झाला. त्यांच्या कामातील मला अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग असा, की ही पद्धत विद्यार्थ्याच्या अंगी कायमची चिकटलेली नसते. कोणत्या प्रकारचे प्रश्न येतील असे त्याला वाटते, यावरही ती अवलंबून असते.

आता कर्जत-कसाऱ्याहून रोज ये-जा करणाऱ्या मुलीचा विचार करा. सत्र सुरू होते न होते तोच अंतर्गत चाचणी, प्रकल्प आणि जर्नल सबमिशन अंगावर येतात, त्यात मागील सत्रातील एखादी केटी (नापास झालेला विषय) शिल्लक असते. प्रश्नपत्रिकेत जुनेच प्रश्न फिरून येणार हे तिला ठाऊक असेल, तर संकल्पना उलगडत बसण्यापेक्षा उत्तरे पाठ करणे हा तिच्या दृष्टीने शहाणपणाचाच निर्णय ठरतो. पाठ केलेले पेपर संपताच विसरते, पुढच्या सत्राचा विषय त्यावरच उभा असतो आणि ताण पुन्हा वाढतो.

गुणांचे काय? रिचर्डसन, अब्राहम आणि बाँड या संशोधकांनी २०१२ साली अनेक संशोधनांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा सखोल अध्ययनाचा गुणांशी असलेला संबंध सौम्यच आढळला. परीक्षेचा अंदाज घेऊन नियोजनपूर्वक केलेल्या अभ्यासाचा संबंध त्याहून अधिक होता. ताणाचा संबंध उलट दिशेचा, म्हणजे ताण जास्त तर गुण कमी, पण तोही सौम्य. (नियोजनाचे हे महत्त्व आपल्याकडील टॉपरना कोणी सांगण्याची गरज नाही.) म्हणजे उत्तम गुण मिळाले म्हणून विषय समजला, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणूनच समुपदेशनाच्या जोडीला प्रश्नपत्रिकेत बदल व्हावा, असे माझे मत आहे. प्रत्येक पेपरात निदान एक प्रश्न असा असावा, ज्याचे तयार उत्तर कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही, आणि तशा प्रश्नांचा सराव वर्गात आधीच करून घेतलेला असावा. अन्यथा तोच प्रश्न नव्या धास्तीचे कारण ठरेल. असे उत्तर तपासायला अधिक वेळ लागतो, त्यामुळे तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर हा भार टाकताना त्याचे मानधनही द्यावे लागेल.